पडायला शिकलेली बाई

लतिका शेट्ये इतकं बेमालूम पडायची की मारणाऱ्याला वाटावं, वा, काय ताकद आहे आपल्या हातात! शारजात रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीतली जुनी इमारत, पाचवा मजला, आणि तिथल्या स्वयंपाकघराची फरशी. त्या फरशीवर ही बाई वर्षानुवर्षं पडत आली, आणि वरच्या, खालच्या, शेजारच्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. कारण त्या घरातली मारहाण बिनआवाजाची होती. मारणारा ओरडायचा नाही आणि मार खाणारी रडायची नाही.

असं कुठे असतं का, म्हणाल. असतं बरं! जगन्नाथ शेट्ये मूळचा राजापूरचा. इथे आल्यावर आधी एका सुपरमार्केटात पोती वाहिली, मग स्वतःचा फराळाचा आणि मसाल्यांचा धंदा काढला. धंद्याचं लायसन्स त्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर, बायको आणि पुढे झालेली मुलगी त्याच्या व्हिसावर. लग्न करून लतिका इथे आली त्याच महिन्यात त्याने तिला पहिली थप्पड मारली, आणि ती किंचाळणार तेवढ्यात तिच्या तोंडावर पंजा दाबला. "आवाज नको," तो तिच्या कानात म्हणाला, "शेजाऱ्याने पोलिसाला एक फोन केला ना, की उद्या आपण दोघंही विमानात. मग गावी जाऊन काय करणार आहेस? माती खाणार?"

आणि लतिकाला ते पटलं, हीच तर खरी रड आहे! चिपळूणला आईवडिलांनी हिच्या लग्नात घातलेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मुलगी दुबईला दिली म्हणून बाप गावभर छाती काढून फिरत होता. शारजाला दिली हे गावात कुणाला कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. तेव्हा लतिकाने दातांत टॉवेल धरायची सवय लावून घेतली.

मारायला जगन्नाथला कारण लागायचंच असं नाही, पण त्याला कारण सांगायला आवडायचं. बशी फुटली तर तिची किंमत आधी दिरहॅममध्ये सांगायचा, मग तिचे रुपये करायचा, आणि मग मारायचा. चकली तुटली, गिऱ्हाइकाला फोनवर हसून उत्तर दिलं, डब्याचं झाकण नीट बसलं नाही. हाताने मारायचा, पट्ट्याने मारायचा, एकदा गरम झारा दंडावर टेकवला. शुक्रवारी हाच माणूस इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला पांढरा कुर्ता घालून जायचा आणि "शेट्येशेठ, तुमच्याशिवाय प्रसादाचं पान हलत नाही," असं ऐकून लाजायचा. लाजायचा हो, अगदी नव्या नवरीसारखा!

आता सिनेमांचं सांगते. लतिकाला सिनेमांचं वेड, पण घरात मोबाइल आवाजात लावायची तिची हिंमत नव्हती. जगन्नाथने मना केलं होतं म्हणून नव्हे. आवाज सुरू असला की लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू येत नाही, म्हणून! लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली की तिला चेहरा नीट करायला, गॅसकडे वळायला आणि मनातल्या मनात आपली चूक शोधायला जेमतेम वेळ मिळायचा. तो वेळ घालवणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यामुळे भाजणीच्या डब्याला फोन टेकवून ती बघायची ते शंभर वर्षांपूर्वीचे मुके सिनेमे. अमेरिकेतले, काळे-पांढरे, माणसं तुरुतुरु पळणारी. संवाद नाहीत, तेव्हा भाषेचीही अडचण नाही.

त्या सिनेमांत हिरो वेगळे, हिरॉइनी वेगळ्या, पण एक बाई पुन्हा पुन्हा दिसायची. थोराड बांध्याची, चौकोनी हनुवटीची, केसांचा घट्ट अंबाडा. कधी मोलकरीण, कधी स्वयंपाकीण, कधी भाडं मागायला आलेली घरमालकीण. हिरॉइनीच्या गालाला कुणी बोट लावायचं नाही, आणि सगळा मार या बाईला! तिच्या डोक्यावर ताटं फुटायची, तिला जिन्यावरून ढकलायचे, केसांना धरून अंगणातून फरपटत न्यायचे, पिंपात बुडवायचे. लोकांनी हसावं म्हणून. आणि दर वेळी ही बया उठायची, स्कर्ट झटकायची, अंबाडा चाचपायची आणि कामाला लागायची. लतिकाने तिचं नाव ठेवलं ठकूताई.

"आई, शी हॅज अ नेम, यू नो," अंतराने एकदा नेटवर शोधून सांगितलं. अंतरा म्हणजे लतिकाची एकुलती एक लेक, तेव्हा दहा वर्षांची. एवढ्याशा पोरीला आईच्या फोनवर काहीही सापडायचं. "पण क्रेडिट्समध्ये नुसतं मेड, कुक, वुमन ऑन स्टेअर्स असंच लिहिलंय. शी वॉज बेसिकली अ प्रोफेशनल फॉलर."

"म्हणजे गं काय?"

"पडायचा जॉब."

लतिका त्या दिवसापासून ठकूताईला वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागली. तेच तेच प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघायची. मग तिच्या ध्यानात आलं की समोरच्याचा हात पोचायच्या आधीच ठकूताईचे गुडघे ढिले पडतात. मान हाताच्या दिशेनेच वळते, म्हणून थप्पड नुसती घासून जाते. हनुवटी छातीला टेकते, म्हणून डोकं आपटत नाही. आधी कुल्ला टेकतो, मग खांदा. लतिकाच्या अंगावर काटा आला. अगं बाई, हे तर शिकता येण्यासारखं आहे!

आणि ती शिकली. तिला शिकवणारा घरातच होता, आणि त्याचा हात रोज तयार होता. सुरुवातीला चुका झाल्या. एकदा उशिरा पडली आणि कान महिनाभर गुणगुणत राहिला. एकदा ओट्याच्या कोपऱ्यावर बरगडी आदळली. पण हळूहळू जमत गेलं. जगन्नाथचा उजवा खांदा मागे गेला की थप्पड, हनुवटी पुढे आली की लाथ, हे तिला डोळे मिटूनही कळायला लागलं. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ती सपशेल पडली की तो खूश व्हायचा आणि लवकर थांबायचा. उभी राहिली की त्याचं टाळकं सटकायचं. तेव्हा लवकर पडायचं, सपशेल पडायचं आणि पडूनच राहायचं. क्लिनिकमध्ये "पाय घसरला" म्हणून सांगायला जाणं कमी झालं. सगळ्या बायका विणकाम, भरतकाम मिरवतात ना, तसा हिला आपल्या या कसबाचा मनातून अभिमान वाटायला लागला. देवा रे, अभिमान!

त्या अभिमानातच तिने ती चूक केली. एका दुपारी जगन्नाथ माल आणायला गेला होता, मायलेकी पलंगावर लोळत ठकूताईला बघत होत्या, आणि अंतरा म्हणाली, "टीच मी!" लतिकाने पलंगावर गाद्या रचल्या. हनुवटी आत, श्वास सोडायचा, गुडघे ढिले. "ठकूताई, पड!" असं लतिकाने म्हणायचं आणि अंतराने गादीवर कोसळायचं. पोरगी कापसासारखी हलकी, भराभर शिकली. दोघी तोंडावर उशी दाबून पोट दुखेपर्यंत हसल्या. हसायचंही बिनआवाजाचं, हे त्या पोरीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आपण काय शिकवतोय, हे लतिकाला तेव्हा कळलं नाही. ती मनाशी म्हणायची, त्याने मुलीला कधी बोट लावलेलं नाही. माझ्यावर भागतंय तोवर पोरगी सुखरूप आहे. अंतराची बारावी होईल, ती भारतात कुठेतरी कॉलेजला जाईल, आणि मग आपलं काय व्हायचं ते होवो. एवढ्या एका गोष्टीवर तिने सगळं आयुष्य लावलं होतं.

अंतरा बारावीला असतानाची दिवाळी. फराळाच्या ऑर्डरी एवढ्या की घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दुबई मरीनातल्या बड्या लोकांचे डबे वेगळे, रोल्लातल्या दुकानांचे वेगळे. भर दुपारी कढईत तेल तापलेलं, लतिकाच्या हातात पितळी सोऱ्या, आणि अंतरा डब्यांवर लेबलं चिकटवत होती. लिफ्ट थांबली. दार उघडलं. जगन्नाथ आत आला आणि आधी त्याने दाराची कडी लावली. कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि लतिका मनातल्या मनात आपली चूक शोधायला लागली.

पण तो तिच्याकडे आलाच नाही. अंतरापुढे जाऊन उभा राहिला.

"कोण तो पोरगा? बागेत बाकावर कुणाच्या शेजारी बसली होतीस?"

"राहिल. क्लासमेट आहे, बाबा. ही वॉज जस्ट गिव्हिंग मी नोट्स."

"नोट्स," जगन्नाथ दबक्या आवाजात म्हणाला. "मंडळातल्या माणसाने मला फोन करून सांगावं, माझी पोरगी बागेत नोट्स घेते म्हणून?"

त्याचा उजवा खांदा मागे गेला. फक्त खांदा. हात अजून उचललाही नव्हता. आणि अंतरा पडली.

काय पडली! हनुवटी छातीला, मान वळलेली, आधी कुल्ला, मग खांदा, तोंडातून हूं की चूं नाही. लेबलं इकडेतिकडे उडाली. पोरगी फरशीवर डोळे मिटून निपचित पडली, हात डोक्यावर घेऊन, अगदी पुढच्या लाथेची वाट बघत. लतिकाने ते बघितलं आणि तिचं काळीज फाटलं. तिने गादीवर एवढं सगळं शिकवलंच नव्हतं. हात डोक्यावर घेणं, डोळे मिटून पडून राहणं, हे पोरगी दाराच्या फटीतून शिकली होती. इतकी वर्षं, रोज.

जगन्नाथ आपल्या हाताकडे बघत राहिला. मग पोरीकडे. मग हळूच वळून त्याने लतिकाकडे बघितलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला लख्ख दिसलं. हात न लागता पडता येतं? म्हणजे ही बाई इतकी वर्षं...

"नाटक," तो म्हणाला. "माझ्याशी? नाटक?"

लतिकाने पहिलं काय केलं असेल, तर गॅस बंद केला. तेल पेटलं असतं तर इमारत गेली असती. नॉबवरून तिचा हात निघायच्या आत त्याने तिचे केस मुठीत पकडले आणि तिला भिंतीला लावलं. आता पड ना, म्हणाला. पड की! केस धरलेले असताना कशी पडणार? पहिली बुक्की पोटात बसली. तिचे गुडघे सवयीने ढिले झाले आणि तिचं सगळं वजन केसांवर लोंबकळलं. टाळूवरचे केस मुळासकट त्याच्या मुठीत गेले. तिने मान वळवली तर त्याने डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. टाइल तडकली. नाकातून रक्ताची धार लागली आणि ती श्वासाबरोबर घशात गेली. त्याने ओट्यावरचा सोऱ्या उचलला. भाजणीने भरलेला, जड. तो तिच्या जबड्यावर बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज त्या घरातल्या तिघांनीही ऐकला.

तेव्हा अंतरा उठली. बापाच्या पाठीवर तिने झेप घेतली, त्याच्या मनगटाला दात लावले, त्याने झटकलं तर ओट्याच्या कडेवर तिचं कपाळ फुटलं. तरी ती दाराकडे धावली, कडी काढली आणि बाहेर गेली. शेजारच्या दारासमोर उभी राहिली, तोंड उघडलं. आणि आवाजच फुटेना! घशाच्या शिरा ताणलेल्या, तोंड सताड उघडं, आणि आवाज नाही. तिने दारावर दोन्ही हातांनी थपडा मारल्या. दार उघडलं नबिलाने. नबिला लाहोरची, लतिकाकडून दर आठवड्याला चिवडा घेणारी, तिला "बाजी", म्हणजे ताई, म्हणणारी. समोर पोरगी, कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलेलं, मासळीसारखं तोंड उघडतंय, मिटतंय. नबिलाने तिला आत ओढलं, दार लावलं आणि पोलिसांना फोन केला.

दोन दिवसांनी लतिका सरकारी हॉस्पिटलच्या बेडवर होती. जबडा तारांनी बांधलेला, एक डोळा सुजून बंद. जगन्नाथ पोलिसांच्या ताब्यात होता. अंतरा नबिलाकडे राहत होती, कपाळाला टाके होते आणि जेमतेम कुजबुजण्याइतका आवाज परत आला होता. पोलीसबाई तासाभरात जबाब घ्यायला येणार होती. तिच्या आधी आले प्रकाशराव.

प्रकाशराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यातले, सगळ्यांच्या भानगडी मिटवणारे. हातात फळांची पिशवी. जबडा तारेने बांधलेल्या बाईला सफरचंदं!

"वहिनी, झालं ते वाईटच झालं," खुर्ची ओढून ते म्हणाले. "मी त्याला चांगला झापलाय. रडत होता हो. पण थोडा प्रॅक्टिकल विचार करा. पोलीस तुम्हाला विचारतील, केस करायची की माफ करायचं. तुम्ही नुसती मान हलवायची, माफ. बाकी मी बघतो. नाहीतर तो आत जाईल, मग डिपोर्ट. धंदा खलास. तुमचा दोघींचा व्हिसा खलास. अंतराचं बोर्ड तोंडावर आलंय, वहिनी. वर्ष गेलं तर पोरगी तुम्हालाच दोष देईल ना?"

खोटं काहीच बोलत नव्हते प्रकाशराव, तेच तर वाईट! लतिकाने मिटलेल्या डोळ्यामागे सगळा हिशोब पुन्हा मांडला आणि तो दर वेळी तिथेच येऊन थांबला. पोरीची बारावी. चार महिने. एवढी वर्षं काढली, चार महिने काय! एकदा अजून पडायचं. तिने अंतराकडे बघितलं.

अंतरा बेडच्या कडेला बसली होती. तिने आईचा हात धरला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "जस्ट नॉड, आई. इट्स ओके. आय कॅन हँडल हिम."

लतिकाने भुवया उंचावल्या.

"सगळं माझ्यामुळे झालं ना. माय टायमिंग वॉज ऑफ," अंतरा समजूत घालत म्हणाली, आईला बरं वाटावं म्हणून अगदी हसत. "मी खूप लवकर पडले. नेक्स्ट टाइम मी थांबेन, हात लागेपर्यंत. आय विल प्रॅक्टिस."

प्रकाशराव खाली बघायला लागले. लतिकाच्या अंगाची लाही लाही झाली. सोऱ्या जबड्यावर बसला तेव्हाही असं झालं नव्हतं. नेक्स्ट टाइम! सतरा वर्षांची पोरगी, गणितात वर्गात पहिली, आणि ती मार कधी आणि कसा खायचा याचं टायमिंग सुधारणार होती. आपण पोरीला वाचवत होतो? डोंबल वाचवत होतो! आपण तिला तयार करत होतो.

पोलीसबाई आली. तरुण, अमिराती, डोक्यावर काळी ओढणी, हिंदी बऱ्यापैकी. तिने प्रकाशरावांना मागे सरकायला सांगितलं आणि वाकून विचारलं, "बहन, बोलना मुश्किल है, मालूम है. सिर्फ सिर हिलाओ. केस करना है, या माफ करना है?"

"माफ, मॅडम," मागून प्रकाशराव म्हणाले. "फॅमिली मॅटर है."

"आपसे नहीं पूछा," पोलीसबाई म्हणाली.

लतिकाने मान हलवली नाही. तिने दात एकमेकांवर दाबले, तारा हिरड्यांत रुतल्या, ओठांच्या कडेने रक्ताळलेली लाळ गळली, आणि त्या बंद दातांतून घोगरा, जनावरासारखा, अख्ख्या वॉर्डने वळून बघावा असा आवाज निघाला.

"केस."

पोलीसबाईने मान डोलावली. "पहले भी मारा?"

लतिकाने गाउनची बाही वर केली आणि दंडावरचा झाऱ्याचा डाग दाखवला. मग कानामागची खूण. मग बरगडी. एकेक करत राहिली. पोलीसबाई लिहीत राहिली आणि तिचा चेहरा दगड होत गेला.

"वहिनी, काय केलंत हे," प्रकाशराव पुटपुटले. "आता राहणार कुठे तुम्ही? खाणार काय?"

नबिलाने एक खोली देऊ केली होती, ती किती दिवस पुरणार? पुढे मायलेकींना इथे राहता येईल की चिपळूणला परत जावं लागेल, अंतराला परीक्षा देता येईल की वर्ष बुडेल, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

अंतरा डोळे विस्फारून आईकडे बघत होती. तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. तिचे ओठ वाकडे झाले, छाती वरखाली झाली, तिने सवयीने तोंडावर दोन्ही हात दाबले. लतिकाने सलाइन लावलेला हात उचलला आणि एकेक बोट सोडवून पोरीचे हात तिच्या तोंडावरून बाजूला केले.

आणि अंतरा रडली. जन्मात पहिल्यांदा मोठ्याने रडली. आधी फाटका, मग मोकळा, मग कानठळ्या बसवणारा आवाज, लहान पोर भोकाड पसरतं तसा, थांबेचना. समोरच्या बेडवरची म्हातारी उठून बसली. नर्स धावत आली. प्रकाशराव दोन्ही हात हलवत म्हणायला लागले, "शू, शू! बाळा, हळू, लोक बघतायत."

लतिकाने त्यांचं मनगट घट्ट पकडलं आणि सोडलं नाही. पोरगी रडत राहिली, आणि सगळा वॉर्ड बघत राहिला.